आधी बटणं रंगवा

जगात शांतता नांदावी म्हणून माणसाने आजवर तह केले, परिषदा भरवल्या, ठराव मांडले आणि पांढरी कबुतरं उडवली. कबुतरांबद्दल शहरात खिडकीला जाळी लावून राहणाऱ्यांनी काही न बोललेलं बरं, आणि बाकीच्या उपायांची गत रोजच्या पेपरात दिसतेच. या यादीत एका उपायाचं नाव कधीच येत नाही, कारण तो करणारी मंडळी दिसायला भलतीच लढाऊ असतात. त्यांच्या कपाटात रणगाड्यांच्या पलटणी असतात, कॉटखाली नेपोलियनचं घोडदळ असतं आणि बोलण्यात तोफांचे व्यास असतात. स्केल मॉडेल जोडणारे आणि ती टेबलावर मांडून वॉरगेम खेळणारे हे लोक. माझं म्हणणं असं की युद्ध टाळण्याचा खात्रीचा मार्ग मनुष्यजातीत फक्त यांनाच सापडला आहे. मात्र तो त्यांच्या खेळात नाही, ब्रशात आहे. ज्याला आपल्या फौजेचं एकेक बटण स्वतः रंगवावं लागतं, तो सहसा लढाईपर्यंत पोचत नाही. आणि पोचलाच, तर तोवर एकही गडी गमवायची त्याची तयारी उरलेली नसते.

ब्रश हातात न धरलेल्यांना हे पटायचं नाही, म्हणून एक शिपाई जरा जवळून पाहू. उंची २८ मिलिमीटर, म्हणजे इंचाहून किंचित जास्त. तो डब्यातून शिपाई म्हणून येत नाही, सुट्या अवयवांच्या रूपात येतो. प्लास्टिकच्या एका चौकटीला धड, पाय, दोन हात, मुंडकं, पडशी आणि बंदूक ही कैऱ्यांसारखी लोंबत असतात. एकेक भाग कटरने तोडायचा, तोडल्या जागी राहिलेला खुंट चाकूने खरवडायचा आणि साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली केसाएवढी रेघ घासून काढायची. रेघ राहिली तर रंग दिल्यावर ती शिपायाच्या गालावर वार झाल्यासारखी उठून दिसते. मग चिकटवणं. इथे वापरतात तो द्राव प्लास्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो, त्यामुळे घाईत बोट लागलं तर शिपायाच्या पाठीवर मालकाचा अंगठा कायमचा उमटतो, खरेदीखतावर उमटावा तसा. चिमट्यात धरलेला हात सटकला तर तो खाली पडत नाही, नाहीसा होतो. इंग्रजी मुलखातले छंदिष्ट याचं खापर गालिच्यात राहणाऱ्या एका राक्षसावर फोडतात. आपल्याकडे गालिचे कमी, पण तो राक्षस फरशीतही राहतो असा अनुभव सार्वत्रिक आहे.

एवढं झालं की प्रायमर, मग कोटाचा रंग, विजारीचा, कातडीचा, पट्ट्याचा. मग ‘वॉश’, म्हणजे खाचांत उतरून सावल्या तयार करणारा पातळ गडद रंग. मग ‘ड्राय ब्रश’, म्हणजे रंग पुसून कोरडा केलेला ब्रश उंचवट्यांवरून झाडल्यासारखा फिरवायचा. आणि शेवटी डोळे. आधी पांढरा ठिपका, त्यावर काळा. श्वास रोखून उजवा डोळा होतो. डावा करताना शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होते आणि शिपाई एका डोळ्याने शत्रूकडे व दुसऱ्याने स्वयंपाकघराकडे पाहू लागतो. म्हणजे चेहरा पुन्हा कातडीच्या रंगाने पुसा, वाळू द्या, आणि उजव्यापासून सुरुवात करा. टोप्या भुवयांपर्यंत ओढलेले शिपाई या छंदात इतके लोकप्रिय का, हे यावरून समजावं. ज्या ब्रशसाठी हे लोक जीव टाकतात, त्या विन्सर अँड न्यूटनच्या ‘सीरीज सेव्हन’चा जन्म १८६६ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीच्या चित्रकलेसाठी झाला. आज त्याने परग्रहावरच्या राक्षसांची नखं रंगवली जातात. साम्राज्यांचं शेवटी असंच होतं.

आता हिशेब करू. नवशिक्याला या एका शिपायापायी अख्खी संध्याकाळ जाते. पण आपण हात बसलेला माणूस धरू आणि शिपायामागे एकच तास लावू. लंडनच्या नॅशनल आर्मी म्यूझियममध्ये वॉटर्लूच्या लढाईचा एक देखावा आहे. त्यात बोटाच्या पेराहूनही लहान असे सुमारे ७० हजार शिपाई आहेत. रोज रात्री जेवणानंतर दोन तास दिले, सणवार, आजारपण, लग्नकार्य काही धरलं नाही, तरी तेवढे शिपाई रंगवायला ९६ वर्षं लागतील. खरी लढाई १८ जून १८१५ रोजी दुपारच्या सुमारास सुरू झाली आणि रात्रीपर्यंत आटोपली. नेपोलियन आणि वेलिंग्टन या दोघांना आपापली माणसं आधी स्वतः रंगवण्याची अट असती, तर नेपोलियन सेंट हेलेनाला गेला नसता आणि दोघेही घरीच म्हातारे झाले असते.

हा देखावा करणारा कॅप्टन विल्यम सायबोर्न म्हणजे आमच्या बाजूचा मुख्य साक्षीदार. १८३० साली सरकारने त्याला हे काम दिलं. एखाद्याने नकाशा पाहून भूभाग उठवला असता. सायबोर्न रणभूमीवरच्याच ला हे सँत या शेतघरात आठ महिने मुक्काम ठोकून बसला आणि जमिनीचा उंचसखलपणा मोजत राहिला. मग लढाईतून जिवंत परतलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रं धाडली: संध्याकाळी सातच्या सुमाराला तुमची तुकडी नेमकी कुठे होती आणि पायाखालच्या शेतात पीक कोणतं होतं? सुमारे वीस वर्षांपूर्वी तोफगोळ्यांच्या पावसात उभ्या असलेल्या माणसाला शेतात राय होती की गहू हे विचारायला जे धारिष्ट लागतं, ते फक्त मॉडेलवाल्याकडे असतं. मध्येच सरकारने पैसे आखडते घेतले. सायबोर्नने स्वतःच्या आणि उसनवारीच्या पैशांनी काम चालू ठेवलं. १८३८ साली देखावा लोकांसमोर आला, चारशे चौरस फुटांहून मोठा. मुंबईत एवढ्या जागेत चौकोनी कुटुंब राहतं आणि गावाकडचा पाहुणाही मावतो. आठ वर्षांच्या खटाटोपातून सायबोर्नच्या वाट्याला उरलं ते कर्ज. त्यात वेलिंग्टनच्या बाजूला हे पसंत पडेना, कारण प्रशियाची फौज रणांगणात फार पुढे आलेली दिसत होती, म्हणजे विजयाचं श्रेय त्यांच्याकडे झुकत होतं. अखेर सायबोर्नने हजारो प्रशियन शिपाई उचलून टाकले. लष्करी इतिहासात एवढी मोठी फौज एकही गोळी न झाडता रणांगणातून नाहीशी झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

इथे जाणता वाचक बोट वर करील. तो म्हणेल, टेबलावरच्या लढायांनी शांतता येते तर प्रशियाचं काय? आक्षेप बिनतोड वाटतो, कारण आधुनिक वॉरगेमचा जन्मच तिथला. फॉन रायस्वित्झ नावाच्या प्रशियन गृहस्थाने १८१२ साली राजाला लढाईचा खेळ करून दिला. त्याच्या मुलाने, जो स्वतः तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ साली तो सुधारून लष्करापुढे ठेवला. नकाशा, फासे, पंच, सगळं रीतसर. सेनाप्रमुख म्युफ्लिंग आधी नाखुशीने बघायला बसला आणि उठला तो प्रत्येक पलटणीला हा खेळ द्या असं म्हणत. पुढे १८६६ साली प्रशियाने ऑस्ट्रियाला लोळवलं, १८७० साली फ्रान्सला, आणि मग इतर देशांच्या लष्करांनीही घाईघाईने हा खेळ आणवला. म्हणजे खेळाने युद्ध टळलं नाहीच, उलट चांगलं जमू लागलं. कबूल. पण त्या खेळातल्या सोंगट्या पाहा. ते शिपाई नव्हतेच, ठोकळे होते. एका बाजूचे लाल, दुसरीचे निळे. ना मिशी, ना बटण, ना डोळा. एक ठोकळा म्हणजे अख्खी पलटण, आणि ठोकळा उचलून खोक्यात टाकायला कोणाचा जीव तुटणार? प्रशियन अधिकाऱ्यांना त्याच पलटणीतल्या प्रत्येकाची कॉलर रंगवायला लावली असती, तर १८७० चं युद्ध आजही तयारीच्या अवस्थेत असतं.

हीच गोष्ट एच. जी. वेल्सच्या बाबतीत घडली, फक्त जास्त करुण रीतीने. अदृश्य माणूस आणि कालयंत्र लिहिणाऱ्या या लेखकाच्या घरी जेवणानंतर एक पाहुणा पोराच्या खेळण्यातल्या स्प्रिंगच्या तोफेशी चाळा करू लागला आणि त्याने नेम धरून एक शिपाई पाडला. वेल्सने त्याची फक्त जे. के. जे. ही आद्याक्षरं दिली आहेत, पण जेरोम के. जेरोम त्यामागे लपत नाही. त्यातून १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे नियमांचं पुस्तक निघालं. बारा वर्षांच्या मुलापासून दीडशे वर्षांच्या मुलापर्यंत सर्वांसाठी ते असल्याचं वेल्सने मुखपृष्ठापासूनच बजावलं, तेव्हा हा पोरखेळ आहे या आक्षेपाला मी वेगळं उत्तर देत बसत नाही. शेवटी त्याने मांडलेला मुद्दा थोडक्यात असा: छोटी लढाई खेळून बघा, म्हणजे मोठी लढाई किती भयंकर चूक ठरेल ते कळेल. पुस्तक आल्याच्या दुसऱ्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं, आणि हेच वेल्ससाहेब हे युद्ध युद्धांचा शेवट करील असं सांगणारे लेख लिहू लागले. लोक यावरून वेल्सला हसतात. मला त्याची चूक वेगळ्याच ठिकाणी दिसते. त्याचे शिपाई दुकानातून रंगवून आलेले होते. १८९३ पासून ब्रिटन्स ही कंपनी शिशाचे पोकळ शिपाई ओतून, लाल कोट चढवून, डब्यात भरून विकत होती. पेटी उघडली की फौज हजर. एवढ्या सहज उभी राहिलेली फौज माणूस तोफेच्या तोंडी दिल्याशिवाय कसा राहील? वेल्सचं औषध बरोबर होतं, फक्त त्यात ब्रश घालायचा राहिला.

दुसऱ्या महायुद्धातही हाच धडा दोनदा मिळाला. मे १९४२ मध्ये जपानी नौदलाने यामातो या महाकाय युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेची टेबलावर रंगीत तालीम केली. फासे टाकणाऱ्या पंचाने सांगितलं की अमेरिकन विमानांचे नऊ बॉम्ब लागले आणि दोन विमानवाहू नौका बुडाल्या. अॅडमिरल उगाकी यांना हा निकाल मान्य झाला नाही. त्यांनी नऊचे तीन केले, एक नौका नुसती खरचटल्याचं ठरवलं, आणि बुडालेली कागा पुढच्या डावात पाण्याबाहेर येऊन पुन्हा कामाला लागली. महिन्याभराने खऱ्या समुद्रात कागा बुडाली तेव्हा वर काढायला कोणी नव्हतं. आता समजा त्या कागाची दोरखंडं कोणीतरी आठ महिने खपून केसाच्या जाडीच्या तारांनी ओवली असती, तर तिला त्या मोहिमेवर पाठवायची हिंमत कोणाची झाली असती? नियतीचा विनोद असा की १९६० साली तामिया या जपानी कंपनीने पहिलं प्लास्टिक मॉडेल काढलं ते याच यामातोचं. उलट बाजूला लिव्हरपूलमध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि नौदलातल्या तरुण मुलींनी १९४२ पासून लिनोलियमच्या फरशीवर खडूने रेघा ओढून जर्मन पाणबुड्यांशी झुंजायचे डावपेच शोधले. स्वतः पाणबुडीवर उमेदवारी केलेले अॅडमिरल मॅक्स हॉर्टन तिथे पाणबुडी होऊन खेळले आणि जॅनेट ओकेल नावाच्या मुलीकडून पाच वेळा हरले. या खेळाने खऱ्या जहाजांवरची खरी माणसं वाचवली, तेव्हा तिथे मी मान तुकवतो. फक्त एवढंच दाखवून देतो की तिथेही खडू होता. ज्यांना खरोखर लढायचं असतं त्यांना रंगवत बसायला वेळ नसतो, आणि माझा मुद्दा तोच आहे.

एक आक्षेप मात्र असा आहे की त्याला मी पुरतं उत्तर देऊ शकत नाही. या छंदातलं महायुद्ध पाहिलं तर वाटावं की जर्मनीकडे टायगर रणगाड्यांशिवाय काही नव्हतंच. प्रत्यक्षात टायगर बनले १,३५० च्या आसपास, आणि रशियाचे टी-३४ युद्धकाळातच ५० हजारांहून जास्त. टेबलावर हे प्रमाण उलटं होतं. माझ्या मते याचं कारण पुन्हा रंगकाम आहे. टी-३४ ला हिरवा दिला की संपलं. टायगरला १९४३ नंतरचा मातकट पिवळा, त्यावर तांबूस तपकिरी आणि हिरव्या लाटा, वर चिखल, गंज, धुराची काजळी अशी महिनाभराची मेजवानी असते. पण मेजवानी कोणाच्या घरची आहे याकडे छंदिष्टांचं दुर्लक्ष होतं. जर्मनीत नाझींच्या स्वस्तिकाच्या प्रदर्शनावर कायद्याने निर्बंध आहेत, म्हणून डेकलच्या, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या चिन्हांच्या, कागदावर ते दोन तुकड्यांत छापून येतं, ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर जोडावं. बटणांच्या छटेवर पहाटेपर्यंत वाद घालणारा माणूस त्या बटणांआतल्या माणसाने काय केलं यावर गप्प बसतो, तेव्हा तो मला शांततादूत वगैरे वाटत नाही.

छटेवरच्या वादाला मात्र माझं संरक्षण आहे. रिव्हेट मोजणारे म्हणून ज्यांची टिंगल होते, त्यांना वाटतं आपण सत्याची सेवा करतो. पण मापाचं म्हणाल तर या छंदाचा पायाच डळमळीत आहे. १/७२ मापाला निदान तर्क आहे, सहा फुटी माणूस बरोबर एक इंच होतो. रणगाड्यांचं जगभर चालणारं १/३५ हे माप ठरलं ते तामियाच्या पहिल्या पँथर रणगाड्यात तो चालवणाऱ्या छोट्या मोटारीच्या बॅटऱ्या मावाव्यात म्हणून. आणि टेबलावरच्या शिपायांत जी ‘हिरोइक स्केल’ चालते, तिच्यात डोकी आणि मुठी मुद्दाम मोठ्या करतात, नाहीतर दुरून दिसणार नाहीत. यावर मराठी माणसाने नाक मुरडायचं कारण नाही. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यात तेच तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. महाराज सिंहासनासकट बुरुजाहून उंच, मावळा दरवाजातून वाकूनही आत जाणार नाही, गवळण तोफेएवढी आणि पायथ्याशी प्लास्टिकचा वाघ हत्तीच्या मापाचा. इथे माप मानावर ठरतं. माझ्या सिद्धांताला हा किल्ला आधी अडचणीचा वाटतो, कारण मावळे बाजारातून रंगवून येतात, तरी तिथे लढाई होत नाही. पण दगडविटा रचा, पोतं पसरा, माती कालवा, भुयार खणा, गेरू द्या, अळीव पेरा आणि ते उगवायची वाट बघा, यात चार दिवस जातात. अळीव बोटभर वाढतात तोवर भाऊबीज आलेली असते, आणि तोफेची वात कोणी पेटवलीच तर आई ओरडते. तेव्हा रिव्हेट मोजणाऱ्यांना मोजू द्यावं. ते शोधत असलेला पुरावा मिळेपर्यंत रणगाडा करड्या प्रायमरमध्ये उभा राहतो आणि पोलंडची सरहद्द सुरक्षित असते.

पैशाचा आक्षेप घरोघरी निघतो, म्हणून त्याचाही समाचार घेतो. वॉरहॅमर या वॉरगेमचे शिपाई विकणारी गेम्स वर्कशॉप ही नॉटिंगहॅमची कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या शेअरबाजारातल्या अव्वल शंभरांत जाऊन बसली, बँका आणि तेलकंपन्यांच्या पंगतीला. तिचा माल काय, तर न जोडलेले, न रंगवलेले राक्षस. जोडायची आणि रंगवायची मजुरी गिऱ्हाईकच करतो, आणि वर त्या मजुरीसाठी लागणारा ब्रश आणि रंगही तिच्याकडूनच घेतो. आपल्याकडे एखाद्या शिंप्याने कापड, सुई आणि दोरा गिऱ्हाइकाला विकून सदरा घरी शिवून घ्या म्हटलं असतं तर काय ऐकावं लागलं असतं ते सांगायला नको. पण जगातल्या संरक्षणखात्यांची अंदाजपत्रकं बघितली तर एवढ्या स्वस्तात एवढी मोठी फौज इतक्या निरुपद्रवी अवस्थेत दुसरं कोणीच ठेवत नाही.

राहता राहिला शेवटचा प्रश्न. समजा एखाद्याने चिकाटीने सगळी फौज रंगवून पुरी केली तर? धोका आहे, पण त्याचाही बंदोबस्त आहे. एक तर खेळाडूंमध्ये अशी पक्की समजूत आहे की नव्याने रंगवलेली तुकडी पहिल्याच डावात मरते. फासे ओल्या वॉर्निशचा वास ओळखतात म्हणे. त्यामुळे लाडक्या तुकडीला मालक टेकडीमागे उभं करतो आणि समोरचाही तेच करतो. मग दोन्ही फौजा टेकड्यांआडून एकमेकींचं कौतुक करत बसतात, अर्ध्या इंचाच्या अंतरावरून टेप काढून वाद होतो, नियमपुस्तक उघडतं आणि चहा येतो. दुसरं म्हणजे नियमच बदलतात. वॉरहॅमर फॉर्टी थाउजंडची नवी आवृत्ती २०१७, २०२० आणि २०२३ साली आली. प्रत्येक वेळी काल बलाढ्य असलेली तुकडी आज कुचकामी ठरते आणि नवा डबा आणावा लागतो. डब्यात पुन्हा चौकट, चौकटीला पुन्हा धड, पाय, हात, मुंडकं. शनिवारची लढाई पुढच्या शनिवारवर जाते. एका टेबलावर उजवा डोळा झालेला शिपाई डाव्याची वाट बघत वाळत उभा असतो, आणि पलीकडच्या सेनापतीचीही तक्रार नसते, कारण त्याचे अजून अकरा घोडे बाकी आहेत.